घुशीचं दिवाळं आणि खारीचं देणं

माळावर बाभळी अजून दाट होत्या, त्या काळची गोष्ट. एक घूस सगळ्यांचे दाणे सांभाळायची आणि अडल्यानडल्याला उसने द्यायची. पिल्लं झाली तेव्हा खारीनेही तिच्याकडून दाणे नेले होते. दर सुगीला ती ओंजळभर फेडत होती.

घुशीने उसने दिले फार, जवळ ठेवले थोडे. मुंग्या आपली ठेव मागायला आल्या, तर कोठार रिकामं! घूस तोंड लपवून पळाली.

सरडा खारीला म्हणाला, “आता सगळं देणं एकदम मागतील, नाही दिलंस तर तुझी ढोली जाईल!”

खारीला घास गिळवेना. शेवटी ती कासवाकडे गेली. घुशीचा कारभार आता पंचांनी त्याच्याकडे सोपवला होता.

“कासवदादा, एवढे दाणे एकदम कुठून आणू हो?”

“एकदम कोण मागतंय? घूस बुडाली म्हणून तुझं देणं बुडालं नाही, बाई. पण वाढलंही नाही. ठरल्याप्रमाणे सुगीला ओंजळभर दे, फक्त माझ्याकडे आणून दे. दाणे मुंग्यांचे आहेत, त्यांना पोचते करीन.”

खारीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन ती पिल्लांना कुशीत घेऊन भरदुपारी गाढ झोपली.