न काढलेला शिंपला

फार पूर्वी, सात समुद्रांपलीकडच्या घनदाट जंगलात माया लोकांचं एक नगर होतं. लोक अचाट बुद्धीचे. पुढची ग्रहणं कधी लागणार, हे ते आधीच मांडून ठेवत. लोखंडाचं एकही हत्यार हाती नसताना डोंगराएवढी देवळं उभारत. आणि काहीच नसलं, तर तेही लिहायची खूण त्यांच्याकडे होती. एकाला ठिपका, पाचाला आडवी रेघ आणि शून्याला शिंपला.

या नगराला नदी मात्र नव्हती. पावसाळ्यात चौकाचौकांतून वाहून येणारं पाणी एका मोठ्या तळ्यात साठायचं आणि पुढचा पाऊस येईपर्यंत सगळं नगर तेच प्यायचं. तळ्यावर एक राखणदार होता. तळ्यात पांढरी कमळं फुलत, आणि ही कमळं भलती नाजूक; पाणी जरा बिघडलं की मान टाकायची. म्हणून राखणदार रोज सकाळी फुलं मोजी आणि काठावरच्या चुन्याच्या भिंतीवर छिन्नीनं आकडा कोरी. आकडा बघून बायका घागरी बुडवत. भिंतीवर शिंपला दिसला, तर तळ्याला कुणी हात लावायचा नाही, राजानंसुद्धा नाही, असा जुना दंडक होता.

राखणदाराला या कामाची तीस वर्षं झाली होती. त्याच्या बापानंही हेच केलं होतं. शिंपला काढायची पाळी दोघांवरही कधी आली नव्हती.

मग राजाच्या राज्याला वीस वर्षं भरायला आली. माया लोकांत विसाव्या वर्षाचा मोठाच सोहळा. सात नगरांचे राजे येणार म्हणून राजानं तळ्यावरचं देऊळ शिखरापासून पायथ्यापर्यंत हिंगुळानं लालभडक रंगवून घेतलं. हिंगूळ विषारी असतो, हे रंगाऱ्यांना ठाऊक होतं. ते तोंडाला फडकं बांधून काम करत. पण राजाला सांगणार कोण? रंग वाळायच्या आत अवकाळी सर आली आणि सगळा लाल ओघळ तळ्यात उतरला.

चौथ्या दिवशी राखणदार काठावर आला, तेव्हा तळ्यात एक फूल नव्हतं. पानं कुजून तळाशी गेली होती. त्यानं छिन्नी उचलली आणि तो भिंतीकडे वळला. तिथं राजाचा कारभारी उभा होता.

"उद्या पाहुणे येतील," कारभारी म्हणाला. "त्यांना आमच्या राजाच्या तळ्यात शून्य दिसायला हवं का? फुलं नसतील तर आणून सोड."

"पाणी बिघडलंय, कारभारी. माणसं मरतील."

"सोहळा वीस दिवसांचा. तेवढ्यात कुणी मरत नाही. शिंपला काढलास, तर तू मात्र उद्याच मरशील."

डोकं कुणाला नको असतं? राखणदारालाही हवं होतं. तो दोन कोसांवरच्या दलदलीत गेला, टोपलीभर कमळं तोडून आणली, देठांना दगड बांधून पाण्यात सोडली आणि भिंतीवर दोन रेघा व एक ठिपका कोरला. अकरा. बायकांनी आकडा पाहिला आणि नेहमीसारख्या घागरी बुडवल्या.

स्वतःच्या घरी मात्र तो दलदलीतलं झऱ्याचं पाणी नेऊ लागला. नगराच्या दुसऱ्या टोकाला त्याची एकुलती एक लेक नांदत होती. तिचं नाव निक्ते, म्हणजे चाफा. तिला आठवा महिना होता. तिच्या भरल्या घरात खरं बोलावं, तर दुपारपर्यंत गावभर झालं असतं. म्हणून तो रोज एक घागर तिच्याकडे पोचवी आणि आईनं गोड पाणी धाडलंय, तूच पी, एवढंच सांगे. घागर पोचली की त्याला वाटे, आपण सुटलो.

वीस दिवस झाले. पाहुणे गेले. राखणदारानं विचारलं, आता तरी खरं कोरू का? कारभारी म्हणाला, एवढे दिवस खोटं होतं असं कळलं, तर लोक आपल्या दोघांनाही जिवंत ठेवतील का? एक खोटं झाकायला दुसरं लागतंच. राखणदारानं पुन्हा टोपली उचलली.

हळूहळू लोकांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. हात थरथरू लागले. लहान मुलं मक्याची पेज ओकून टाकू लागली. पुजाऱ्यांनी आकाश तपासलं, ताऱ्यांचं गणित मांडलं, देवापुढं रक्त सांडलं. भिंतीवर रोज अकरा, बारा, चौदा होतेच, त्यामुळं पाण्याचा संशय कुणालाच आला नाही.

एके दिवशी निक्तेकडून सांगावा आला. राखणदार धावत गेला. मूल मेलेलंच जन्मलं होतं आणि लेक कोपऱ्यात कापत पडली होती.

"मी घागर धाडत होतो ना?" त्यानं विचारलं.

"सासूबाईंना देत होते, बाबा. त्या म्हाताऱ्या, त्यांना गोड पाणी आवडतं. मला कशाला वेगळं? तळ्याचं पाणी तुम्हीच तर राखता. मी रोज आकडा बघून भरत होते."

तिनं त्याचा हात धरला.

"बाबा, आज किती होती फुलं?"

तीस वर्षांत प्रथमच त्याला ते शब्दानं सांगावं लागलं. "एकही नाही, पोरी. कधीचीच नाहीत."

निक्तेनं हात सोडला. संध्याकाळपर्यंत ती गेली.

राखणदार तिथून थेट तळ्यावर आला आणि भरल्या बाजारासमोर त्यानं भिंतीवर हातभर मोठा शिंपला कोरला. कारभाऱ्याच्या माणसांनी त्याला तिथंच मारलं. पण शिंपला साऱ्या नगरानं पाहिला होता. ज्यांच्या अंगात बळ उरलं होतं, त्यांनी मुलं पाठीशी बांधली आणि नगर सोडलं. बाकीच्यांना राजासकट जंगलानं गिळलं.

म्हणतात, ती भिंत अजून उभी आहे. तिच्यावर आकड्यांच्या रांगाच रांगा आहेत, सगळे चांगले, सगळे भरघोस. शेवटी एकच शिंपला आहे आणि त्याच्यापुढं काहीही कोरलेलं नाही.

तात्पर्य: शून्याला शून्य म्हणायची वेळ आली की त्याच दिवशी म्हणावं, चोरून धाडलेल्या घागरीनं आपलं माणूसही वाचत नाही.