लिंबाजीनं आणलेले कानाचे तज्ज्ञ

एका मागाच्या गावात एक भोळा गडी होता. त्याचं नाव लिंबाजी.

गाव असं की घराघरात यंत्रमाग. दिवसरात्र खटखट चालू. माणसं एकमेकांशी ओरडूनच बोलायची. गुपित सांगितलं तरी चार घरांना ऐकू जायचं. गुरुवारी तेवढी वीज बंद असायची. माग थांबायचे, आणि मग चाळिशीच्या पुढच्या बहुतेकांच्या कानात कुईं वाजायला लागायचं. पण कुणी बोलायचं नाही. मागावर धागा तुटला की तो आवाजावरून कळावा लागतो. ज्याला कळत नाही त्याला शेठ मागावरून उतरवतो. त्यामुळे त्या गावात बहिरं असं कुणीच नव्हतं. नुसतं ऐकू येत नव्हतं, एवढंच.

लिंबाजीलाही मागावरून उतरवलं होतं, पण ते कानामुळे नाही. शेठ म्हणाले होते, एकही धागा तुटू द्यायचा नाही. लिंबाजीनं माग बंदच ठेवला. दिवसभरात एकही धागा तुटला नाही. संध्याकाळी तो शाबासकी घ्यायला गेला, आणि दुसऱ्या दिवसापासून घरी बसला.

घरात त्याची आई हौसाबाई, थोरला भाऊ, भावजय मोनाली आणि मोनालीची दोन वर्षांची दुर्वा. ह्या दुर्वामुळे मोनालीची झोप उडाली होती. एका गुरुवारी सगळीकडे शांत असताना तिच्या हातून परात पडली. मांजर उडी मारून कौलावर गेलं. शेजारीण बघायला आली. दुर्वा मात्र पाठमोरी बसून सुताच्या रिकाम्या कांड्या एकावर एक रचत होती. मोनालीनं परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा टाकली. दुर्वानं वर बघितलं नाही.

मोनालीनं सासूला सांगितलं, पोरीचे कान दाखवू या. हौसाबाई म्हणाली, मागाच्या घरातलं पोर आहे, आवाजाला सरावलंय. हिचा बापही तिसऱ्या वर्षी बोलला, आणि आता गप्प बस म्हटलं तरी बसत नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, आई म्हणेल तसं. आता ह्याच्यापुढे कुणाला विचारायचं? पोरीचे दिवस मात्र चालले होते.

तेवढ्यात गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशासेविका प्रमिलाताई ह्यांनी पॉडकास्ट काढायचं ठरवलं. पॉडकास्ट म्हणजे मोबाइलवरचा रेडिओ. नाव ठेवलं ‘कानगोष्टी’. कानात वाजणं, कमी ऐकू येणं, ह्यावर दर गुरुवारी समाजमंदिरात एक तज्ज्ञ बोलणार आणि प्रमिलाताई ते मोबाइलवर घेणार. हौसाबाईनं लगेच ते धरलं. ती सुनेला म्हणाली, "येणार आहेत ना तज्ज्ञ? त्यांनी चारचौघांत सांगू दे. ते सांगतील तसं करू."

मोनालीला वाटलं, देव पावला. मग तिला कळलं की तज्ज्ञ शोधून आणायचं काम लिंबाजी भावजींकडे दिलंय. त्यांच्याकडे मोटारसायकल होती आणि दुसरं काही काम नव्हतं. निवड करायला एवढं पुरतं.

प्रमिलाताई म्हणाल्या, "लिंबाजी, पहिला पाहुणा अनुभवी पाहिजे. ज्यानं हा कानाचा त्रास स्वतः काढलाय असा. जितका जास्त अनुभव तितकं चांगलं."

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला, आणि त्यानं गाडीला किक मारली.

गुरुवारी मोनालीनं दुर्वाची वेणी घातली आणि तिला कडेवर घेऊन ती पहिल्या रांगेत बसली. लिंबाजीनं आबा हुल्ले ह्यांना आणलं. वय ब्याऐंशी. वीस वर्षांपासून आबांना काहीही ऐकू येत नव्हतं. गावात त्यांच्याएवढा अनुभव कुणालाच नव्हता, हे लिंबाजीचं खरंच होतं.

प्रमिलाताईंनी विचारलं, कानात पहिल्यांदा कधी वाजायला लागलं? आबांनी हातमागाच्या काळात सूत कसं ओलं करून ठेवायचे ते सांगितलं. ताईंनी विचारलं, औषधपाणी काय केलं? आबांनी तेच सूत वाळत घातलं. तिसऱ्या प्रश्नाला आबा चिडले. म्हणाले, "पोरी, मघापासून नुसती तोंड हलवतेयस. बोल की काहीतरी."

मोनाली आपला प्रश्न तसाच घेऊन परत आली.

प्रमिलाताईंनी कपाळ धरलं. म्हणाल्या, "अरे, बोलवायच्या आधी माणसाला ऐकू येतं का एवढं तरी बघत जा."

"एवढंच ना?" लिंबाजी म्हणाला, आणि गाडीला किक मारली.

ह्या वेळी तो तालुक्याच्या कानाच्या डॉक्टरांकडेच निघाला होता. मोनालीनंच पिच्छा पुरवून पाठवलं होतं. पण सांगितलं होतं ना, ऐकू येतं का बघ. डॉक्टरीणबाई एकाच्या कानात वाकून बघत होत्या. लिंबाजी मागून गेला आणि त्यानं घरून आणलेली थाळी वाजवली. बाई दचकल्या, पेशंट ओरडला, कंपाउंडरनं लिंबाजीला दाराबाहेर काढलं. लिंबाजीनं मनात नोंद केली की बाईंना ऐकू येतं. पण त्याहून चांगलं कुणाला येतं, हे बघायला नको? गावात येऊन तो एकेका घराच्या मागं उभा राहिला आणि हळूच पुटपुटला. एकाच घरातून उत्तर आलं, "मागं काय उभा आहेस, पुढनं ये, चहा टाकते."

गुरुवारी तज्ज्ञ म्हणून अनुसयाकाकू आल्या.

काकूंना तीन भिंतींपलीकडचं ऐकू यायचं. मागांच्या खटखटाटातसुद्धा. त्या तासभर बोलल्या. कुणाच्या घरात कोण कुणाला काय म्हणालं, तारखेवार. संध्याकाळपर्यंत गावात दोन चुली वेगळ्या झाल्या. मोनाली दुर्वाला घेऊन प्रश्न विचारायला उभी राहिली, तर काकूच म्हणाल्या, "हिचा बरा आवाज येतो मला. सासूबद्दल नवऱ्याजवळ काय बोलते ते सांगू का?"

मोनाली खाली बसली. मग उठून घरीच गेली.

त्या आठवड्यात हौसाबाई सुनेशी फक्त भांड्यांमार्फत बोलली.

प्रमिलाताईंनी लिंबाजीला समोर बसवून समजावलं. पाहुणा गावाबाहेरचा पाहिजे. शिकलेला पाहिजे. मोजकं बोलणारा पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, "ज्याच्या हाताखालून हजार कान तरी गेलेत, असा बघ."

"एवढंच ना?" किक.

ह्या खेपेला लिंबाजीनं खरोखर कष्ट घेतले. चार गावं फिरला. प्रत्येकाला विचारलं, तुमच्या हाताखालून किती कान गेले? एक न्हावी मिळाला, पण तो बोलायचा फार. शेवटी शेजारच्या गावचे निवृत्त कुलथे गुरुजी सापडले. चौतीस वर्षं शाळा. गुरुजी बोटं मोजून म्हणाले, "हजार कशाला? पाच-सहा हजार पिळले असतील."

गुरुजी समाजमंदिरात शिरले आणि पंचवीस-तीस बाप्यांनी आपापला कान झाकला. त्यात दोन शेठही होते. गुरुजी खरंच मोजकं बोलले. उजव्या हाताच्या माणसाला समोरच्याचा डावा कान सोपा पडतो. हिवाळ्यात पिळलेला जास्त दिवस लक्षात राहतो. कानात कुईं वाजण्याबद्दल विचारल्यावर ते म्हणाले, ते वाजणारच, आम्ही काय उगाच पिळायचो? मग त्यांनी लिंबाजीवर करून दाखवलं. लिंबाजीचे डोळे भरून आले. त्याला वाटलं, असा तज्ज्ञ कुणी आणला नसेल.

मोनालीचं ह्या वेळी धाडस होत नव्हतं. तरी ती उठली. प्रश्न महिन्याभरापासून तोंडात होता.

"गुरुजी, ही दोन वर्षांची आहे. हाक मारली तर वळत नाही."

"एक पिळा दिला की वळते," गुरुजी म्हणाले, आणि त्यांनी हात पुढे केला.

मोनालीनं दुर्वाला पदराखाली घेतलं आणि ती चार पावलं मागं सरकली. मागं हौसाबाई बसली होती. हौसाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बघ. तज्ज्ञ काय म्हणतात ते बघ. लाड कमी कर, पोरगी ऐकायला लागेल."

झालं. आता तज्ज्ञांनीच सांगितल्यावर काय राहिलं? मोनाली त्या दिवशी जेवली नाही. दुर्वा दारात बसून कांड्या रचत होती, मागून म्हैस आली तरी सरकली नाही. मोनालीनं धावत जाऊन तिला उचललं.

मग मोनालीनं स्वतःच कागद घेतला. सातवीपर्यंतच शिकली होती, पण अक्षर चांगलं होतं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाई नंदिनी चौगुले, त्यांच्या दवाखान्याचा पत्ता आणि पाच प्रश्न. पाचवा दुर्वाचा. लिंबाजीला तिनं एकेक गोष्ट बजावली. "भावजी, कागद बाईंच्या हातात द्यायचा. थाळी वाजवायची नाही. कान मोजायचे नाहीत. त्या बोलतील ते मोबाइलवर घ्यायचं आणि घरी यायचं. मध्ये डोकं चालवायचं नाही."

"एवढंच ना, वहिनी?"

आणि काय सांगावं, लिंबाजीनं अगदी तसंच केलं. बाईंनी आधी त्याच्या हातात थाळी नाही ना ते बघितलं, मग कागद वाचला आणि पाऊण तास नीट बोलल्या. पाचव्या प्रश्नावर तर दहा मिनिटं. लिंबाजी ते घेऊन आला. मोनालीनं त्याच्यापुढे बेसनाचा लाडू ठेवला. लग्नानंतर पहिल्यांदा तिला दिराचं कौतुक वाटलं.

प्रमिलाताईंनी सुरुवातीचं जरासं ऐकलं. बाई छान बोलत होत्या, पण मागं पंखा घरघरत होता, कंपाउंडर नंबर पुकारत होता, रस्त्यावर हॉर्न. लिंबाजीला मोबाइलवर कापाकापी जमायची, वाढदिवसाचे व्हिडिओ तोच करायचा. ताई घाईत होत्या, लसीकरणाला निघाल्या होत्या. जाता जाता म्हणाल्या, "गुरुवारी चौकात भोंग्यावर लावायचंय. तेवढं साफ कर. सगळ्यात मोठा आवाज कुठला ते बघ, तो आधी काढ. मग त्याच्याहून बारीक. असं करत करत एकही राहता कामा नये."

"एवढंच ना?"

गुरुवारी सगळं गाव चौकात जमलं. वीज बंद, माग बंद, भोंगा बॅटरीवर. हौसाबाई पहिल्या रांगेत, शेजारी मोनाली, मांडीवर दुर्वा. लिंबाजीनं ऐटीत बटण दाबलं.

भोंग्यातून काहीच आलं नाही.

पाच मिनिटं गेली. बहुतेकांच्या कानात आपापलं कुईं तेवढं वाजत होतं. प्रत्येकानं हळूच शेजाऱ्याकडे बघितलं. शेजारी मान हलवत होता, म्हणून ह्यानंही हलवली. ह्यानं हलवली म्हणून पलीकडच्यानं हलवली. शेठ तिथंच उभे होते. त्यांच्यासमोर ऐकू येत नाही म्हणून कोण सांगणार? शेठही मान हलवत होते. एकजण म्हणाला, बाईंचं बोलणं स्पष्ट आहे. दुसरा म्हणाला, मुद्द्याचं बोलतात. अनुसयाकाकूंनी तर डोळे पुसले. तीन भिंतींपलीकडचं ऐकणारी बाई, तिचं गावात दुसरं काय होतं?

मोनालीला कावळा ऐकू येत होता. स्वतःच्या बांगड्या ऐकू येत होत्या. तिला कळलं की भावजींनी शेवटी घोळ घातलाच. पाऊण तासाचं बोलणं, पाचवा प्रश्न, सगळं गेलं. ती उठून ओरडणारच होती.

तेवढ्यात तिचा हात सासूनं धरला.

"मोनाली," सासू अगदी हळू म्हणाली, "काय म्हणाल्या गं बाई?"

मोनालीनं सासूकडे बघितलं. भोंग्याकडे बघितलं. मग ती नीट मांडी घालून बसली.

"म्हणाल्या, ज्याला हे ऐकू आलं नाही त्यानं उद्याच्या उद्या येऊन कान दाखवायचे. आणि घरात लहान मूल असेल तर त्याला आधी आणायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हौसाबाई नवं लुगडं नेसून दारात उभी. एका हातात दुर्वा. पावलं उचल म्हणून सुनेलाच बोलली. लिंबाजीनं भाड्याचा टेम्पो आणला होता, कारण एवढी माणसं गाडीवर मावेनात. जो तो म्हणत होता, मला काही झालेलं नाही, ह्याला सोबत म्हणून आलोय.

दुर्वाला पहिलं आत घेतलं. बाईंनी सगळं तपासलं. कमी ऐकू येत होतं, दोन्ही कानांनी. मशीन लागणार होतं. बाई म्हणाल्या, आधी यायला हवं होतं, पण अजून उशीर झालेला नाही. त्यांनी तपासायचं मशीन तिच्या कानाला लावलं आणि मागं टाळी वाजवली. दुर्वानं मान वळवली. मग तिनं आईकडे बघितलं, हे काय नवीन, असं. मोनालीला रडू आलं ते तिनं पदरात घेतलं.

बाई खूश होत्या. म्हणाल्या, इतकी वर्षं घसा कोरडा करते, तुमच्या गावातून एक माणूस फिरकला नाही. आणि एका भाषणानं टेम्पो भरून?

मग हौसाबाईचे कान तपासले. ठणठणीत निघाले. बाई म्हणाल्या, ह्या वयात इतके चांगले कान मी बघितले नाहीत.

हौसाबाई बाहेर आली. सगळी रांग भिंतीला टेकून बसली होती. ती रांगेसमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि धाकट्या लेकाला म्हणाली, "माझे कान चांगले आहेत, तर काल मला एक अक्षर ऐकू का आलं नाही?"

लिंबाजीला वाटलं, आता शाबासकी. तो पुढे झाला.

"कसं येईल, आई? ताईंनी सांगितलं तसंच केलं. सगळ्यात मोठा आवाज डॉक्टरीणबाईंचाच होता, तो आधी काढला. मग पंखा, मग कंपाउंडर, मग हॉर्न. एक ठेवला नाही. घरी तीनदा लावून बघितलं. काही म्हणजे काही ऐकू येईना, तेव्हाच चौकात लावलं."

रांगेतल्या सगळ्यांना ते अगदी स्पष्ट ऐकू आलं. पण काल माना हलवून झाल्या होत्या. उठून जाणार कोण? तेव्हा लिंबाजीकडे बघून सगळ्यांनी पुन्हा एकदा मान हलवली आणि माणसं आपापला नंबर येईपर्यंत बहिऱ्यासारखी बसून राहिली.