टिचकीला बंदी

एका गावात मडक्यांचा बाजार भरायचा, आणि त्या बाजाराची खरी गोष्ट माझ्याइतकी कुणालाच ठाऊक नाही. अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतो. म्हणजे मला ती आमच्या न्हाव्यानं सांगितली, न्हाव्याला त्याच्या सासऱ्यानं, आणि सासरा ठार बहिरा होता. पण गोष्ट खरी आहे.

तर त्या गावात एक रीत होती. मडकं घेणारानं ते आधी वाजवून बघायचं. डाव्या हातावर तोलायचं, उजव्या हाताची टिचकी मारायची आणि कान द्यायचा. ठण्ण वाजलं तर भाजणी पक्की. बद्द वाजलं तर कुठंतरी तडा. कुंभार स्वतःच मडकं उचलून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा आणि म्हणायचा, “वाजवून घ्या.” तेच त्याचं वचन आणि तोच त्याचा मान. जो कुंभार असं म्हणणार नाही, त्याच्याकडून सख्खा शेजारीसुद्धा पणती घेत नसे.

गावाला या टिचकीचं जरा वेडच होतं म्हणा ना. कलिंगडाला टिचकी, भोपळ्याला टिचकी, नव्या खाटेच्या खुरालाही टिचकी. मुलगी बघायला आलेल्या नवऱ्या मुलाच्या डोक्याला तेवढी कुणी मारत नसे, कारण आवाज कसला येणार ते आधीच ठाऊक असे.

त्याच गावाच्या वेशीवर धुरपदाआत्या नावाची एक म्हातारी पाणपोई चालवायची. नात्यानं कुणाचीच आत्या नव्हती, म्हणून सगळ्या गावाची आत्या. तिथला उन्हाळा असा, की दुपारी कावळासुद्धा सावली सोडून बोलायचा नाही. वाटसरू, हमाल, गुराखी, सगळे तिच्या रांजणाचं पाणी पिऊन पुढं जायचे. आणि त्या वर्षी फाल्गुनातच तिचा रांजण उकलला. जुनाच होता, तळाशी चिरला आणि रात्रीतून रिकामा झाला. चैत्र पंधरा दिवसांवर आला होता. पंधरा दिवसांत नवा रांजण मिळाला नाही, तर पाणपोई बंद आणि वाटेवरची माणसं तहानलेली.

एरवी ती कुंभारवाड्यात गेली असती. पण कुंभारवाड्यातली चाकं थांबलेली होती.

ती का थांबली, ते सांगताना माझं डोकं तापतं. दिवाळीनंतर सातासमुद्रापलीकडची एक कंपनी गावात आली होती. धंदा मडक्यांचाच. कंपनीच्या गुमास्त्यानं राजाला भेट दिली एक माणूसभर उंचीचा आरसा, आणि मागितली वखार बांधायला जागा. कुठली? तर तळ्याकाठची, जिथली चिकणमाती कुंभार सात पिढ्या उपसत आले तीच. राजानं कागदावर शिक्का मारला. कागद वाचला नाही, कारण तो आरशात मिशा बघत होता. महिन्याभरात मातीवर दगडी वखार उभी राहिली, आणि कुंभार आपापल्या दारात हातावर हात ठेवून बसले.

आता कंपनीचा माल कसा होता? खोटं कशाला बोलू, देखणा होता. लालभडक, गुळगुळीत, पातळ. गुमास्ताही काही लबाड माणूस नव्हता. चार भाषा येत होत्या त्याला, पाचवी आमची तेवढी येत नव्हती. त्याच्या मोठ्या साहेबानं नियमांची एक जाडजूड पोथी लिहून दिली होती, आणि ती तो उशाला घेऊन झोपायचा.

त्या पोथीतला पहिला नियम: मालाला गिऱ्हाइकानं हात लावू नये. प्रत्येक मडकं पेंढ्यात गुंडाळून खोक्यात बंद, वर लाखेची मोहोर. घरी न्यायचं आणि मग मोहोर फोडायची. दुकानात एकच रांजण उघडा, तोही चौथऱ्यावर, भोवती दोरी, आणि दोरीवर पाटी: ‘हात लावू नये.’

कंपनीच्या मुलखात म्हणे मडक्यावर बोट वाजवणं म्हणजे कुंभाराला तोंडावर चोर म्हणणं. तिथं माणसं दुकानदाराच्या शब्दावर माल उचलतात. वा, उत्तम रीत! पण बाबांनो, तिथला दुकानदार आणि तिथलं गिऱ्हाईक एकाच गल्लीत लहानाचे म्हातारे झालेले असतात. इथं तुम्हाला ओळखतं कोण? काल गलबतातून उतरलात आणि आज म्हणता, आमच्या शब्दावर घ्या!

दुकान उघडलं. गाव लोटला. दोरीपाशी आला, पाटी वाचली, ज्यांना येत नव्हती त्यांनी वाचून घेतली, आणि सगळे परत गेले.

गुमास्त्यानं आपल्या दुभाष्याला विचारलं, “लोक घेत का नाहीत?”

हा दुभाष्या आमच्याच गावचा. त्याची आई मडकं वाजवून घ्यायची, आजी वाजवून घ्यायची, पाळण्यात असताना यानं स्वतःच्या खुळखुळ्याआधी मडक्याचा आवाज ऐकलेला. त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण कंपनीनं डोक्यावर मखमली टोपी दिली होती ना! टोपीखाली खरं बोलणं मावत नाही. तो म्हणाला, “साहेब, पाटी लहान पडली. लोकांना दिसली नाही.”

मग पाटी दुप्पट झाली. गिऱ्हाईक निम्मं झालं.

“आता?”

“आता साहेब, वाजंत्री लावा.”

सनई आली, चौघडा आला. येईल त्याला मूठभर गूळ वाटला. गाव पुन्हा लोटला, गूळ खाल्ला, सनईला मान डोलावली, हात धोतराला पुसले आणि घरी गेला. जाता जाता एक हमाल म्हणाला, “चौघडा वाजवायला माणसं ठेवलीत, आणि मडकं वाजवलं तर यांच्या पोटात दुखतं!” सगळे हसले. गुमास्त्यानं विचारलं, “काय म्हणाला तो?” दुभाष्या म्हणाला, “साहेब, तुमची तारीफ करतोय.”

अशा त्या दुकानात चैत्राला चार दिवस उरले असताना धुरपदाआत्या शिरली. गाठीला होतं ते पदरात बांधून आली होती. चौथऱ्यावरचा रांजण तिनं चहूबाजूंनी न्याहाळला. मनात भरला. दोरीवरून हात पुढं केला, बोट वाकवलं, आणि टिचकी रांजणाला लागायच्या आत पहारेकऱ्याची छडी तिच्या हातावर बसली.

सत्तर वर्षांचा हात! ज्या हातानं त्या पहारेकऱ्याच्या बापाला पाणी पाजलं होतं, तो हात!

“चोरी नाही केली रे मी!” आत्या ओरडली. “विकत घ्यायला आले. वाजवून बघू नको?”

दुभाष्याला आता सांगावंच लागलं. गुमास्ता लाल झाला, त्याच्या मडक्यापेक्षा लाल. “आमचा माल फुटका आहे असं ही बाई भर बाजारात म्हणते? कंपनीची अब्रू घेते?” आणि त्यानं थेट राजाकडे फिर्याद नेली. मागणी अशी, की म्हातारीनं राजवाड्यासमोर नाक घासून माफी मागावी, नाहीतर तिची पाणपोई बंद करावी.

ऐका म्हणजे! तहानलेल्याला पाणी देणारी बाई आरोपी, आणि छडी मारणारा फिर्यादी.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. गाव तर होताच. आरसा राजाच्या शेजारी होता, म्हणून राजा निम्मा इकडं बघत होता आणि निम्मा तिकडं. पण त्या दिवशी त्याला एक शहाणा प्रश्न सुचला. वर्षातून एकदा सुचायचा.

“भांडण टिचकीचं आहे ना?” राजा म्हणाला. “मग रांजण इथं आणा. आत्या, तू वाजव. बद्द वाजला तर कंपनीची फिर्याद खोटी. ठण्ण वाजला तर बघू.”

गुमास्ता म्हणाला, “महाराज, हा अपमान आहे.”

“मग छडी काय सन्मान होता?” राजा म्हणाला. “आणा रांजण.”

रांजण आला. आत्या पुढं झाली. छडीचा वळ हातावर तसाच होता. सगळ्यांना मनातून वाटत होतं, वाजू दे बद्द, पडू दे कंपनी तोंडावर. आत्यानं पहिली टिचकी गळ्याला मारली, दुसरी पोटाला, मग वाकून तिसरी बुडाला.

ठण्ण. ठण्ण. ठण्ण.

देवळातल्या घंटेसारखा वाजला. गावाची तोंडं पडली. दुभाष्यानं टोपी सरळ केली.

आत्या म्हणाली, “महाराज, माल चोख आहे. आमच्या कुंभारवाड्यातसुद्धा असा रांजण दहा वर्षांतून एखादा निघतो. खोटं बोलून मी पाणपोई चालवायची नाही.”

“बघा! बघा!” गुमास्ता नाचायचाच बाकी राहिला. “मी म्हणत नव्हतो? आता मागा माफी!”

राजानं हात वर केला. “थांब रे. माल चोख, म्हणजे तिच्या टिचकीनं तुझी अब्रू गेली नाही, वाढली. माफी कसली? उलट उद्यापासून पाटी काढ, खोकी उघड, आणि लोकांना म्हण, ‘वाजवून घ्या.’ सांगतो तुला, आठ दिवसांत तुझी वखार रिकामी होईल. बोल, करतोस?”

सगळं त्या एका हो-नाहीवर येऊन थांबलं. अख्ख्या गावाला रांजण हवे होते आणि गुमास्त्याला ते विकायचे होते.

गुमास्त्यानं पोथी उघडली. पानं पुढं उलटली, मागं उलटली.

“पोथीत नाही,” तो म्हणाला. “मोठ्या साहेबांना पत्र लिहून विचारावं लागेल. उत्तर यायला तीन महिने लागतात. आणि महाराज, माल चोख आहे हे तुमच्यासमोर ठरलं. मग आता वाजवायचं कशाला? घ्या म्हणावं गुपचूप.” मग मोठ्या उदार मनानं आत्याकडं वळला. “हा एक रांजण मात्र या बाईंनी न्यावा. उघडलेला आहे, वाजवलेला आहे, आमच्या काय कामाचा? फुकट न्या.”

आत्यानं रांजणाकडं पाहिलं. चैत्राला तीन दिवस होते. तिला तो हवा होता, कुणालाही दिसलं असतं.

“नको,” ती म्हणाली.

दरबारात कुजबुज झाली. गर्दीतला एक म्हातारा पुटपुटला, “अगं आत्या, फुकट मिळतोय!”

“म्हणूनच नको. मी वाजवला, मला मिळाला. उद्या दुसरी कुणी बाई बोट पुढं करील तेव्हा तिच्या हातावर छडी बसेल, आणि माझ्या पाणपोईत याचाच रांजण असेल. त्या बाईला मी कुठल्या तोंडानं पाणी देऊ?”

आणि पदर खोचून चालती झाली.

चैत्र लागला. पहिल्या दिवशी वेशीवर रांजण नव्हता. पण सकाळी कुंभाराची सून आपल्या घरातली घागर घेऊन आली. मग न्हाव्याची बायको कळशी घेऊन आली. दुपारपर्यंत वेशीवर एकोणचाळीस भांडी लागली, एकाचं तोंड एकासारखं नाही. एका शहाण्यानं तर लोणच्याची बरणी आणली. तिचं पाणी पिऊन हमाल आठ दिवस कैरीची ढेकर देत होते. हसायचं खरं, पण पाणपोई एक दिवस बंद राहिली नाही. घागरी सारख्या रिकाम्या होत होत्या, बाया सारख्या भरत होत्या. रांजण असता तर त्यांचे खांदे वाचले असते, हेही तितकंच खरं.

आणि कंपनीचे रांजण? पेंढ्यात, खोक्यात, मोहोरेसकट, ठण्ण वाजणारे, वखारीत पडून राहिले. पाटी तिप्पट झाली. वाजंत्री दुप्पट झाली. उन्हाळा सरत आला आणि खोकं एक हललं नाही. चांगला माल आणि गरजू माणसं यांच्यामध्ये एक दोरी होती, बोटभर जाडीची. ती सोडायला कुणाच्या बापाचं काय जात होतं, सांगा!

ज्येष्ठात मोठ्या साहेबाचा निरोप गलबतावरून आला. दुकान बंद करा, परत या. जमीन राजाकडे परत आली, आणि कुंभारांनी दुसऱ्या दिवशी वखारीच्या फरश्या उचकटून खाली कुदळ घातली. दुभाष्या कुठं होता? टोपी बगलेत मारून नव्या पेढीच्या दारात, “मी हाडाचा तुमचाच,” असं सांगत.

त्यामुळं गुमास्ता निघाला तो एकटाच. बंदराची वाट वेशीवरून जाते. ऊन मी म्हणत होतं. तो पाणपोईशी थांबला. एव्हाना आमची बोली त्याला मोडकीतोडकी यायला लागली होती. जायच्या दिवशी का होईना, आली. आत्यानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाहुणा तो पाहुणा.

पाणी पिऊन त्याला जरा धीर आला. खांद्यावरच्या पिशवीतून त्यानं वही काढली. “मोठ्या साहेबांना अहवाल द्यायचा आहे,” तो म्हणाला. “शेवटची ओळ तुम्हाला वाचून दाखवतो. तुम्ही खरं बोलणाऱ्या आहात. चूक असेल तर सांगा.”

आणि त्यानं वाचलं:

“तात्पर्य: या मुलखातली माणसं अडाणी व संशयी असून त्यांना चांगल्या मालाची पारख नाही.”

आत्यानं ओगराळं घागरीवर ठेवलं.

“आमची पारख तर दरबारात झाली, बाबा. तुझा रांजण चोख होता, आणि चोख आहे असं मीच माझ्या तोंडानं सांगितलं. तू तुझं सांग. सहा महिने या गावात राहिलास. तुझ्या दारावरून रोज माणसं येत-जात होती. त्यातल्या एकाला तरी कधी विचारलंस का रे, ‘तुमच्याकडं मडकं कसं घेतात?’”