कोळिणीने पारखलेला वारा

फार फार पूर्वी एका डोंगरावर एक आठ पायांची कोळीण राहत होती. कोळ्यांची पिल्ले धाग्याला लटकून वाऱ्यावर दूर जातात; वारा चुकला तर मरतात. अंडी फुटण्याआधी तिला पिल्ले सोडायची जागा ठरवायची होती.

घार म्हणाली, "माझ्या सुळक्यावरून सोड गं. काल काय वारा होता!"

"आणि परवा, घारूताई?"

"परवा पानही हललं नाही. पण काल!"

कोळीण हट्टाला पेटली. ती रोज सुळक्यावर आणि खालच्या खिंडीत एकेक धागा सोडून बघू लागली. सुळक्यावरचा कधी तुटे, कधी नुसता लोंबे. खिंडीतला बहुतेकदा छान तरंगे.

"अशाने म्हातारी होशील!" घार हसली.

"होईन की."

शेवटी पिल्ले खिंडीतून उडाली आणि सुखरूप पलीकडे पोचली. घार गुपचूप खाली उतरली.

"कोळीणबाई, उद्या वारा कसा असेल?"

"उद्याचं मला कुठे ठाऊक? बहुतेक दिवसांचं विचार."