कातरीनबायचा खड्डा

फार फार वर्षांमागे, आपल्या क्रुसाच्या देवळावर अजून कौलं चढली नव्हती, नुसत्या झावळ्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. समुद्राकाठच्या चिंचपाखाडीत कातरीनबाय नावाची एक विधवा राहायची. नवरा गेला, तेव्हा त्याची कुदळ हिनं उचलली. मग गावात कुणीही मरो, खड्डा कातरीनबायच खणायची. मयताची उंची सुंभाच्या दोरीनं मोजायची आणि तेवढंच खणायची, वीतभरही जास्त नाही. असं म्हणतात, तिच्या कुदळीखाली दगडसुद्धा लोण्यासारखा निघायचा. हसू नका, माझ्या पणज्यानं ती कुदळ हातात धरली होती.

त्याच गावात सांतान राहायचा. पानमळे त्याचे, तीन गलबतं त्याची, आणि घरात भाताच्या कणग्या इतक्या की माणसांना निजायला जागा नाही. एकदा त्याच्याच वयाचा त्याचा मित्र शेजारी बसून जेवता जेवता गेला. सांताननं जो धसका घेतला, तो घेतलाच. अन्न गोड लागेना, डोळ्याला डोळा लागेना. वैद्यानं नाडी बघितली, म्हणाला, आजार काही नाही. आजार नाही, आणि माणूस तर रोज वाळत चाललेला! हा मरणाच्या भीतीनंच मरणार, हे त्याच्या बायकोला, इजाबेलला, स्वच्छ दिसत होतं. बिचारी रडून रडून दमली.

शेवटी सांताननं कातरीनबायला बोलावणं धाडलं. म्हणाला, माझा खड्डा आत्ताच खणून ठेव, पण चांगला ऐसपैस. शेजारी सोन्याचा पेटारा आणि भाताच्या दोन कणग्या मावल्या पाहिजेत. सगळं जवळ असलं म्हणजे भीती वाटायची नाही, असा त्याचा हिशोब. कातरीनबायनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि खणते म्हणाली.

पहिल्या दिवशी रुंद खणलं, तर दुपारपर्यंत कडा ढासळल्या. वाळूची जमीन ती, दुसरं काय होणार? दुसऱ्या दिवशी फळ्या लावल्या, तर खालून पाणी आलं आणि फळ्या तरंगायला लागल्या. सांतान ऐकतोय थोडाच, त्यानं पंचवीस गडी लावले. असं म्हणतात, रोज वाळू आपणहून सरकत यायची आणि एका माणसापुरती जागा सोडून थांबायची. सातव्या दिवशी गडी क्रुसाची खूण करत पळून गेले.

मग सांतान स्वतः आला, काठी टेकत, संतापून. नाही नाही ते बोलला. कातरीनबायनं त्याला बोलू दिलं.

"सांतान, तुझ्यापुरती जागा झालीय," ती म्हणाली. "मावतोस का, बघ तरी."

एवढ्या मोठ्या माणसाला असं कुणी म्हणतं का? पण तो इतका थकला होता की मुकाट्यानं उतरला आणि आडवा झाला. पाय पुरले. डोकं टेकलं. वाळू थंडगार होती, वर माडाच्या झावळ्या हलत होत्या. ज्या जागेला तो एवढा भ्यायला होता, ती ही एवढीशी, आणि इथं काही दुखतही नव्हतं. त्याला रडू फुटलं, आणि रडता रडता चक्क झोप लागली. इजाबेल ऊर बडवत धावत आली, तर आतून घोरणं ऐकू आलं! तिथंच मटकन बसली आणि हसत सुटली.

असं म्हणतात, सांतान तीन दिवस झोपला. भरतीचं पाणी खड्ड्याच्या कडेपर्यंत यायचं आणि मागं फिरायचं.

उठला तो भुकेनं कळवळून. कातरीनबायनं फडक्यातली अर्धी भाकरी त्याच्या हातावर ठेवली. खाता खाता तो म्हणाला, "बाय, एवढा भात मी कुणासाठी कोंडून ठेवला गं?"

त्याच दिवशी कणग्या उघडल्या आणि गावानं पोटभर खाल्लं. पेटाऱ्यातल्या सोन्यातून गोड्या पाण्याची विहीर झाली. सांतान पुढं वीस वर्षं जगला, खाऊनपिऊन, गप्पा मारत. गेला तेव्हा कातरीनबायनं त्याच जागी खड्डा खणला. दोरीनं मोजायची गरजच पडली नाही.

अजूनही मयतांच्या सणाला चिंचपाखाडीत कातरीनबायच्या नावानं एक खड्डा खणतात, एका माणसापुरता. ज्याला मरणाचा धसका बसलाय, त्यानं खुशाल आत जाऊन पडावं. कुणी हसत नाही. सगळं गाव भाकऱ्या घेऊन कडेला बसतं, आणि तो वर आला की त्याच्यासोबत जेवतं.