हिरवूची टिंग कुठाय?

ओल्गामावशीच्या ओट्यावर एक गिटार. गिटारशेजारी एक कुंडी. कुंडीत राहतो एक नाकतोडा. एवढ्ढासा! त्याचं नाव हिरवू.

रोज संध्याकाळी मावशी गिटार घेते. बारकी तार छेडते. टिंग! की हिरवू गिरकी घेतो. गर्रर्र! टिंग नाही, तर गिरकी नाही. असं आहे बुवा त्याचं!

एके दिवशी काय झालं? बारकी तार तुटली. टण्ण! मावशीने नवी तार लावली. घाईघाईत लावली. आणि छेडली.

ट्यँऽऽव!

अगं बाई! हे काय भलतंच? हिरवू गिरकी घ्यायला गेला आणि बदकन पडला. हसू नका हं! त्याला रडू आलं होतं.

"माझी टिंग कुठाय?"

उठला. डोळे पुसले. निघाला टुणुक टुणुक. गेला तारेकडे.

"तारताई, तारताई, वाज ना गं!"

तार म्हणाली, "मी नाही वाजत जा! मी ढिली. खुंटी मला धरत नाही. खुंटी धरेल, तर मी वाजेन."

हिरवू निघाला वर वर वर. टुणुक टुणुक. गेला खुंटीकडे.

"खुंटीताई, खुंटीताई, धर ना गं!
तार वाजेना,
माझी टिंग कुठाय?"

खुंटी म्हणाली, "मी नाही धरत जा! एकच वेढा दिलाय मला. बघ, तारेचं शेपूट कसं लोंबतंय! सटकणारच तार. मावशी गुंडाळेल, तर मी धरेन."

हिरवू निघाला टुणुक टुणुक. बसला मावशीच्या गुडघ्यावर.

"मावशी, मावशी, गुंडाळ ना गं!
खुंटी धरेना,
तार वाजेना,
माझी टिंग कुठाय?"

मावशी म्हणाली, "अरे माझ्या राजा, गुंडाळू कशी? जरा पिळलं की तार अडकवायची खालची पिन उडते. टुप्प! मेली बसतच नाही भोकात. पिन बसेल, तर मी गुंडाळेन."

हिरवू निघाला खाली खाली खाली. टुणुक टुणुक. गेला पांढऱ्या पिनेकडे.

"पिनताई, पिनताई, बस ना गं!
मावशी गुंडाळेना,
खुंटी धरेना,
तार वाजेना,
माझी टिंग कुठाय?"

पिन म्हणाली, "मी नाही बसत जा! तारेच्या टोकाला मणी आहे ना, तो आलाय माझ्या पायाखाली. टोचतोय, आई गं! मणी सरकेल, तर मी बसेन."

आता मणी कुठाय? गिटारच्या पोटात! पोटात कसं जायचं? मधल्या मोठ्या गोल भोकातून! हिरवूने मारली उडी. टुणुऽऽक! आत काळोख. हिरवू थोडा घाबरला. थोडाच हं!

"मणीदादा, मणीदादा, सरक ना रे!
पिन बसेना,
मावशी गुंडाळेना,
खुंटी धरेना,
तार वाजेना,
माझी टिंग कुठाय?"

मणी म्हणाला, "मी नाही सरकत जा! मला काय पाय आहेत? कुणी ढकलेल, तर मी सरकेन."

हिरवूने इकडे पाहिलं. कुणी नाही. तिकडे पाहिलं. कुणी नाही. भोकातून मावशीला हाक मारली. मावशीने हात घातला. हात अडकला! "अगं आई गं, माझा हात!" मावशीने हात ओढला. फटाक! निघाला बाई एकदाचा.

आता कोण ढकलणार? आत मावेल असा कोण आहे? एवढ्ढासा कोण आहे? सांगा बघू!

हिरवू!

हिरवूला आला राग. नाक लाल, मिशा ताठ. "कुणी नाही तर नाही! मीच ढकलतो!" त्याने वळवली पाठ. दुमडले मागचे लांब लांब पाय. आणि मारली लाथ.

धाड्!

मणी सरकला. "अयाई गं!" सरकला बाजूला आणि बसला लाकडाला चिकटून.

मणी सरकला, पिन बसली. खुट्ट!
पिन बसली, मावशीने गुंडाळलं. शेपूट आत घेतलं, वेढ्यावर वेढा, वेढ्यावर वेढा. कुर्र कुर्र कुर्र!
मावशीने गुंडाळलं, खुंटीने धरलं. घट्ट!
खुंटीने धरलं, आणि तार वाजली…

टिंग!

हिरवू अजून आतच होता की हो! गिटारच्या पोटात! तिथे ती टिंग केवढी झाली माहितेय? एवढीऽऽऽ! ती वरून आली, खालून आली, त्याच्या पोटात शिरली. त्याने आतच गिरकी घेतली. गर्रर्र! भोकातून बाहेर आला तरी गर्रर्र! मावशीच्या डोक्यावर बसला तरी गर्रर्र!

मावशी हसून हसून लोळली. "पुरे रे बाबा, पुरे! थांब आता!"

"थांबू कसा?" हिरवू ओरडला. "माझी टिंग पोटात आहे!"

आमची गोष्ट झाली. हिरवू अजून फिरतोय. तुम्हीपण फिरा. गर्रर्र!