नदीकाठच्या कोनशिला

पुलाच्या आशेवर माणसं मतं देत होती, त्या काळातली ही गोष्ट. दर निवडणुकीला नदीकाठी नारळ फुटायचा आणि पुलाची कोनशिला बसायची. यंदाही नवी बसली. शेजारी दोन जुन्या कोनशिला पालथ्या पडल्या होत्या. बायका त्यांच्यावर धुणं आपटत.

"तुमची अक्षरं मातीत गेली," नवी म्हणाली. "लाज नाही वाटत?"

"वाटायची," थोरली म्हणाली. "मातीत गेल्यापासून वाटत नाही."

पावसाळ्यात नदी फुगली. पलीकडच्या दवाखान्यात निघालेली कोंडाबाईची बाळंतपणात अडलेली सून नव्या कोनशिलेला टेकून बसली. "पाणी उतरंल गं," कोंडाबाई म्हणत राहिली. पाणी उतरलं तेव्हा सून राहिली नव्हती.

पुढे कोंडाबाई धुणं घेऊन आली, तेव्हा नवी कोनशिला हळूच म्हणाली, "आजी, मलाही पालथी घाल."